खण आवरताना होणाऱ्या या चुका टाळा

खण आवरायचा ठरला की बहुतेक जण आधी बाजार गाठतात आणि प्लॅस्टिकचे कप्पे घेऊन येतात. माझ्या मते निम्मे काम तेथेच बिघडते, कारण खणात काय आणि किती आहे हे तोपर्यंत कोणी पाहिलेलेच नसते. मोजमाप घेतले, तरी ते खणाच्या दर्शनी फळीचे घेतले जाते. ती फळी आतल्या जागेपेक्षा उंच असते, त्यामुळे आणलेला कप्पा वरच्या पट्टीला अडतो आणि खण बंद होत नाही. मी आधी सारे सामान जुन्या चादरीवर ओतते आणि कुंद्याचे, म्हणजे बेळगावच्या मिठाईचे, रिकामे खोके कापून त्यांचेच कप्पे करून आठ दिवस वापरून पाहते. खोक्याला तुपाचा डाग मात्र नसावा, नाहीतर मुंग्या होतात. दहा मिनिटांत खण आवरून दाखवणारे व्हिडिओ पाहून ज्यांना उत्साह येतो, त्यांनी दोन तास मोकळे असल्याशिवाय खण ओढूच नये.

दुसरी चूक आपल्या सीमाभागातील घरांत विशेष दिसते आणि तिचे नुकसान सहजी भरून निघत नाही: जो कागद वाचता येत नाही, तो निरुपयोगी समजून टाकला जातो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्यामुळे एकाच खणात आजोबांच्या वेळचे मोडी किंवा मराठी कागद, नंतरच्या कन्नड पावत्या आणि अलीकडची इंग्रजी पत्रे एकमेकांत मिसळलेली असतात. खानापूरला माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या घरी गणपतीच्या आधी साफसफाई चालली होती. कोल्हापूरहून नव्याने आलेल्या सुनेने हौसेने खण आवरला आणि कन्नड येत नसल्याने पावत्यांचा एक गठ्ठा जुन्या वीजबिलांसोबत रद्दीत दिला. त्यात घरपट्टीच्या कित्येक वर्षांच्या पावत्या होत्या. पुढे थोरले दीर वारल्यावर घर मुलाच्या नावावर करताना त्याच पावत्या मागितल्या गेल्या, आणि नकलांसाठी जाऊबाईंना चार महिने हेलपाटे घालावे लागले. सुनेला मी दोष देत नाही, कारण शेजारी बसून कागद वाचून दाखवायला कोणी तरी हवे होते आणि ते आम्हां मोठ्यांचे काम होते. तेव्हापासून कन्नड वाचणारे माणूस जवळ असल्याशिवाय मी कागदांना हात लावत नाही, आणि प्रत्येक पाकिटावर आत काय आहे ते आधी पेन्सिलीने मराठीत लिहून मगच कागद आत घालते. मोडी कागद मी कोरड्या सुती कापडात गुंडाळून कपाटात ठेवते, कारण खण ही त्यांची जागाच नव्हे.

दुकानातील गुळगुळीत पावती शाईने छापलेली नसते, ती उष्णतेने उमटलेली असते. ऊन लागले किंवा ती प्लॅस्टिकच्या पाकिटात राहिली, की अक्षरे पुसट होतात आणि वॉरंटीच्या वेळी हातात कोरा कागद उरतो. म्हणून झेरॉक्स त्याच दिवशी काढावी.

संपलेले सेल "असू देत" म्हणून नव्यांत ठेवू नयेत. रिमोटच्या साध्या सेलचे जस्ताचे कवच वापरासोबत आतून झिजत जाते आणि त्यातून पाझरणारे द्रव्य शेजारच्या कागदांना व किल्ल्यांना खाऊन टाकते. बटणासारखे चपटे सेल तर मुलांचा हात पोहोचेल अशा खणात मुळीच नकोत. मुलाने असा सेल गिळला, तर दोन तासांतसुद्धा अन्ननलिका भाजू शकते, म्हणून वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

अनोळखी किल्ल्या घरातील प्रत्येक कुलपाला त्याच दिवशी लावून पाहाव्यात आणि जी लागेल तिला चिठ्ठी बांधावी.

पावसाळ्यात खण अडतो म्हणून सुताराला बोलावून रंधा मारून घेणे ही घाईची चूक आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की लाकूड फुगते. त्या दिवसांत कडा तासून घेतल्या, तर उन्हाळ्यात तोच खण सैल होऊन वाकडा बसतो. पावसाळ्यात मी घसरत्या कडांवर मेणबत्ती घासते आणि खणातले वजन कमी करते. रंध्याचा विचार करायचा तो मे महिन्यात, लाकूड पूर्ण सुकलेले असताना आणि तेव्हाही खण अडत असेल तरच.