ग्रॅव्हिटी कमी आली? साखर ओतण्याआधी या चुका तपासा

घरी बनवायच्या बिअरच्या रेसिपीत मूळ ग्रॅव्हिटी, म्हणजे आंबण्याआधीची घनता (साधं पाणी 1.000), 1.050 लिहिलेली असते आणि हायड्रोमीटर, म्हणजे ती मोजणारी तरंगती काचेची नळी, 1.041 दाखवतो. अशा वेळी बहुतेकांचा हात लगेच साखरेच्या डब्याकडे जातो. तो आवरा. आकडा कमी आला म्हणजे वर्टमध्ये, म्हणजे यीस्ट घालण्याआधीच्या माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) गोड पाण्यात, साखर कमी आहे असं लगेच सिद्ध होत नाही. आधी मापावर शंका घ्या, मग पाण्यावर, आणि सर्वात शेवटी धान्यावर.

त्याआधी एक स्पष्ट सांगायला हवं. महाराष्ट्रात दारूबंदी अधिनियम, 1949 नुसार परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं हा गुन्हा आहे. ब्रिटनमध्ये मात्र 1963 पासून घरच्यापुरत्या बिअरला परवाना लागत नाही. अमेरिकेत केंद्रीय कायद्याने 1979 पासून मोकळीक आहे, आणि मिसिसिपी व अलाबामा ही शेवटची दोन राज्यं 2013 मध्ये त्यात आली. हा मजकूर अशा ठिकाणी राहून हा छंद करणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे.

गरम वर्ट मोजणं

ही सर्वात जास्त होणारी चूक. हायड्रोमीटर एका ठरावीक तापमानालाच खरं बोलतो. काही 20 अंश सेल्सियसचे असतात, काही 15.5 चे, आतल्या कागदी पट्टीवर ते बारीक अक्षरात छापलेलं असतं. वर्ट गरम असलं की पातळ होतं, नळी जास्त बुडते आणि आकडा खाली येतो. 20 अंशांचा हायड्रोमीटर 40 अंशांच्या वर्टमध्ये सुमारे 6 पॉइंट (1.050 म्हणजे 50 पॉइंट) कमी दाखवतो, 60 अंशांना जवळपास 15. म्हणजे 1.050 चं चांगलं वर्ट 1.035 दिसतं आणि माणूस हादरतो. दुरुस्तीचे तक्ते मिळतात, पण इतक्या गरम नमुन्यावर मी त्यांच्या भरवशावर राहत नाही. नमुना स्टीलच्या वाटीत काढा, वाटी थंड पाण्यात ठेवा, पाच-दहा मिनिटं थांबा. उकळत्या वर्टमध्ये बुडवल्याने काच तडकू शकते, आणि आतली पट्टी चिकटवणारा गोंद सैल झाला तर पट्टी सरकते. मग तो हायड्रोमीटर पुढे कायम चुकीचंच सांगत राहतो.

म्हणून अधूनमधून त्याची परीक्षा घ्या. डिस्टिल्ड पाण्यात, त्याच्या ठरलेल्या तापमानाला, आकडा 1.000 यायला हवा. 0.997 आला तर प्रत्येक रीडिंगमध्ये 3 पॉइंट मिळवायचे, इतकंच. वाचताना डोळा पाण्याच्या पातळीला आणा. काचेला चिकटून पाणी किंचित वर चढलेलं असतं, ते सोडून खालची सपाट रेषा वाचायची.

पाणी नीट न मिसळणं

एक्स्ट्रॅक्टने (माल्टच्या तयार अर्काने) बिअर बनवणारे बरेच जण थोडं दाट वर्ट उकळतात आणि फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवण्याच्या भांड्यात, वरून पाणी घालून 20 लिटर करतात. न ढवळलेल्या सरबतात साखर तळाशी राहते, तसंच इथे होतं. वरून नमुना घेतला तर 1.035, तळाच्या नळातून घेतला तर 1.060. दोन्ही खोटे. यीस्ट घालण्याआधी स्वच्छ चमच्याने दोन-तीन मिनिटं दणकून ढवळा. तेव्हा यीस्टला प्राणवायूही हवाच असतो.

एक्स्ट्रॅक्टवाल्यांना तर मी ठामपणे सांगेन: वजन आणि लिटर बरोबर असतील तर तुमची ग्रॅव्हिटी कमी असूच शकत नाही. माल्टमधली साखर आधीच कारखान्यात काढून झालेली आहे, ती कुठे जाणार? एक किलो कोरडं एक्स्ट्रॅक्ट साधारण 375 पॉइंट-लिटर (पॉइंट गुणिले लिटर) देतं, पातळ एक्स्ट्रॅक्ट साधारण 300. म्हणजे 2.7 किलो कोरडं एक्स्ट्रॅक्ट 20 लिटरमध्ये घातलं की 1.050 होणारच. हायड्रोमीटर वेगळं सांगत असेल तर या हिशेबावर विश्वास ठेवा.

लिटर न मोजणं

1.050 चे 50 पॉइंट गुणिले 20 लिटर, म्हणजे 1000. हा गुणाकार पाणी वाढल्याने बदलत नाही, साखर फक्त पसरते. 20 ऐवजी 23 लिटर झाले की तीच साखर 1.043 दाखवते. भांड्यावर लिटरच्या खुणा नसतील तर लाकडी पट्टीवर स्वतः करून घ्या. उकळण्याआधीचं रीडिंग अंतिम समजून घाबरणारेही असतात. 25 लिटरला 1.040 असेल तर आटून 20 लिटर झाल्यावर 1.050 होईल.

जाडी भरड

वरचं सगळं तपासून झालं, तुम्ही धान्यापासून बनवता, आणि तरीही आकडा कमीच आहे, तर आधी भरड पाहा. दुकानातली चक्की बहुधा थोडी मोकळी लावलेली असते, कारण बारीक भरडीने मॅश, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेली भरड, गाळताना तुंबतो आणि तक्रारी येतात. मूठभर भरड पांढऱ्या ताटलीत पसरा. एकही दाणा अखंड दिसता कामा नये. आतला पांढरा भाग तुकड्यांत फुटलेला हवा, पण टरफल बऱ्यापैकी शाबूत हवं, कारण गाळणी म्हणून तेच काम करतं. चिमटीत दाबल्यावर दाणा अजून टणक लागला तर त्यातला स्टार्च बाहेर येणार नाही. स्वतःची चक्की असेल तर रोलरमधलं अंतर 1 मिलिमीटरच्या आसपास आणा. कापडी पिशवीत मॅश करणाऱ्यांनी आणखी बारीक दळलं तरी चालतं.

मग मॅशचं तापमान: 65 ते 68 अंश. थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात 0 दाखवतो का, तेही पाहा. गुठळ्या फोडा, त्यांच्या आतलं पीठ कोरडंच राहतं. लंडनसारख्या ठिकाणचं पाणी जड असतं. फिकट माल्टच्या मॅशचा पीएच त्यामुळे वर जातो, आणि तो 5.2 ते 5.6 मध्ये आणायला थोडं लॅक्टिक ॲसिड लागतं. शंका असेल तर मॅशच्या टरफलाशिवायच्या थेंबावर आयोडीन टाका. निळसर काळा रंग आला तर स्टार्च शिल्लक आहे, अजून वेळ द्या. धान्य धुताना घाई केली तर साखर चोथ्यातच राहते.

खरंच कमी असेल तर

जास्त वेळ उकळा, किंवा कोरडं एक्स्ट्रॅक्ट घाला. 20 लिटरला 5 पॉइंट वाढवायला साधारण 270 ग्रॅम पुरे. ते थोड्या पाण्यात विरघळवून दहा मिनिटं उकळून मग मिसळा. उकळत्या भांड्यात कोरडं टाकलं तर उतू जातं. साधी साखर पूर्ण आंबते आणि बिअर पाणचट होते, म्हणून माझी पसंती एक्स्ट्रॅक्टलाच. दोन-तीन पॉइंटांसाठी मात्र काहीच करू नका.

शेवटची ग्रॅव्हिटी फार खाली गेली तर

आंबणं संपल्यावरच्या आकड्याचं हे प्रकरण वेगळं आहे आणि यात धोका आहे. सेझों या बेल्जियन प्रकारच्या बिअरचं यीस्ट 1.002 पर्यंत सहज उतरतं, त्यात काही बिघडलेलं नसतं. पण 1.012 अपेक्षित असताना आकडा 1.004 वर येऊन अजूनही उतरत असेल, तर जंगली यीस्टचा किंवा डायास्टॅटिकस जातीच्या यीस्टचा संसर्ग झालेला असू शकतो. डायास्टॅटिकस इतर यीस्टला न पचणारी डेक्स्ट्रिन्सही (मोठ्या साखळीच्या शर्करा) खातं. अशी बिअर बाटलीत भरली तर गॅस वाढत जातो आणि काच फुटते. तीन-चार दिवसांच्या अंतराने घेतलेली दोन रीडिंग एकसारखी आल्याशिवाय बाटल्या भरू नका. आधीच भरल्या असतील तर हातमोजे आणि चष्मा घालून, बाटल्यांवर जाड टॉवेल टाकून त्या फ्रीजमध्ये हलवा, आणि पूर्ण गार झाल्यावर एकेक झाकण उघडून गॅस जाऊ द्या.