मुंबईच्या समुद्राचा क्लोरोफिल नकाशा वाचताना या चुका टाळा

उपग्रहाच्या क्लोरोफिल नकाशात मुंबईचा किनारा बहुतेक वेळा लालभडक, म्हणजे भरपूर क्लोरोफिलचा दिसतो आणि प्रोजेक्ट करणारी मुलं लिहून मोकळी होतात, ‘किनाऱ्यालगत फायटोप्लँक्टन (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) विपुल.’ इतकी घाई नको. क्लोरोफिल निळा प्रकाश शोषतं, हिरवा फारसा नाही. समुद्रातून येणाऱ्या या दोन रंगांच्या प्रकाशाच्या गुणोत्तरावरून क्लोरोफिलचा आकडा काढतात. खोल समुद्रात हे गणित जमतं. ठाणे, माहीम, वसईच्या खाड्यांतून मात्र गाळ येतो, कुजक्या पाल्याचा पिवळट अर्क येतो. त्यांनीही निळा प्रकाश कमी होतो आणि गणिताला ते क्लोरोफिलच वाटतं.

शंका आली तर भरती-ओहोटीचं कोष्टक काढा. उधाणाच्या (मोठ्या भरती-ओहोटीच्या) आणि भांगाच्या (लहान भरती-ओहोटीच्या) दिवसांची चित्रं शेजारी ठेवा. ‘क्लोरोफिल’ दर उधाणाला चढून भांगाला उतरत असेल, तर तळाचा गाळ ढवळला जातोय हे उघड आहे. उपग्रहाने लाल प्रकाशाच्या पट्ट्यात मोजलेली पाण्याची चमकही बघा; नकाशातला लाल रंग वेगळा. ती जास्त असेल तर आकड्यावर विसंबू नका.

निळ्या पट्ट्यात ऋण आकडे आले की अनेकजण ते गुपचूप शून्य करतात. तसं करू नये. उपग्रहापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशात सुमारे ९० टक्के वाटा वातावरणाचा असतो. तो वजा करताना जवळच्या अवरक्त पट्ट्यात पाणी काळं आहे असं धरतात. गढूळ पाणी तिथेही चमकतं, म्हणून वजावट जास्त होते. अशा वेळी लघुतरंग अवरक्त पट्टे वापरणारी दुरुस्ती घ्या.

पावसाळ्यात ढगांमुळे नकाशा कोरा असतो. कोरा म्हणजे शून्य नव्हे. मासिक सरासरी किती स्वच्छ दिवसांवर उभी आहे तेही पाहा.

नकाशा पडताळायला बोटीवरून पाण्यातून येणारा प्रकाश मोजताना बोटीची सावली टाळा. सेन्सर उभ्या रेषेपासून ४० अंश कलता आणि सूर्याच्या दिशेपासून १३५ अंश वळवून धरा. उपग्रहाचं चित्र आणि पाण्याचा नमुना यांच्या वेळांत तीन तासांचं अंतर चालतं असा रिवाज आहे, पण आपल्याकडे तेवढ्यात भरतीची ओहोटी होऊ लागते. माझ्या मते एक तास पुष्कळ झाला.

जुहूला रात्री लाटा निळ्या चमकल्या की लोक त्या तारखेचा नकाशा शोधतात. पण ही चमक बऱ्याचदा नॉक्टिल्युका या सूक्ष्म जीवाची असते आणि त्याच्या लाल प्रकारात स्वतःचं क्लोरोफिल नसतं, हिरव्याच्या पोटात मात्र हिरवं शैवाल राहतं. कोणता आहे, ते पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवूनच ठरवा.