भरतीची पोस्ट टाकताय? या चुका टाळा

चाकण, रांजणगाव, वाळूज या औद्योगिक पट्ट्यांतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज तीच पोस्ट फिरते: 'नामांकित कंपनीत भरती, आकर्षक पगार, त्वरित संपर्क.' यातून व्हीएमसीवरच्या, म्हणजे धातू कापणाऱ्या संगणक-नियंत्रित मशीनवरच्या मुलाला काय कळणार? मशीनचा कंट्रोलर फानुक कंपनीचा की सीमेन्सचा, मशीन लावून देणारा सेटर हवाय की ती नुसती चालवणारा ऑपरेटर, काहीच लिहिलेलं नसतं. मग दिवसभर पॅकिंगचं काम मागणाऱ्यांचे फोन येतात आणि एचआर म्हणतं, सोशल मीडियावर माणसंच मिळत नाहीत.

सगळ्यात वाईट चूक पगाराची. चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीने पोस्टवर वीस हजार लिहिले होते. लातूर-नांदेडकडची मुलं बॅगा घेऊन गेटवर आली. आत गेल्यावर कळलं की पाळी बारा तासांची, ओव्हरटाइम त्या वीस हजारांतच धरलेला आणि रोल ठेकेदाराचा, म्हणजे नोकरी कंपनीची नाही, ठेकेदाराची. ओव्हरटाइमला दुप्पट दर द्यायचा असा कायदा आहे, तो कुणाच्या मर्जीचा विषय नाही. मुलं त्याच रात्री परतली. त्यातल्या एकाने गेटसमोर व्हिडिओ काढून आयटीआयच्या ग्रुपवर टाकला. पुढे कितीतरी महिने त्या कंपनीने पोस्ट टाकली की खाली कुणीतरी तोच व्हिडिओ चिकटवायचं.

म्हणून मी पहिल्या ओळीत हातात येणारी रक्कम लिहितो. बेसिक आणि डीएवरचा १२ टक्के पीएफ आणि लागू असेल तर ०.७५ टक्का ईएसआय (कामगार विमा) वजा करूनच. मग पाळी, सुट्टी, रोल कुणाचा, बस कुठून सुटते, कँटीनचे पैसे कापतात का. एवढं लिहायला वेळ लागतो, पण नव्या एचआरवाल्यांना तेवढाही धीर नसतो. ते आधी पैसे भरून पोस्ट बूस्ट करतात, म्हणजे जाहिरातीसारखी जास्त लोकांना दाखवतात.

पोस्टवर तारीख हवीच. जुनी पोस्ट उचलून, नंबर बदलून पोरांकडून रजिस्ट्रेशनचे पैसे उकळणारे एजंट आहेत. 'भरतीसाठी पैसे घेतले जात नाहीत' हे ठळक लिहा आणि जागा भरली की पोस्ट काढा.

फिटरला लिंक्डइनवर शोधू नका, तो फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आहे.

फोटो आपल्याच शॉप फ्लोअरचा टाका, फक्त ग्राहकाचं ड्रॉइंग त्यात दिसू देऊ नका.

आणि नंबर अशा माणसाचा द्या जो संध्याकाळी फोन उचलेल. दिवसाचं काम सुटल्यावरच मुलं फोन करतात, नेमकी तेव्हाच ऑफिस बंद व्हायची वेळ झालेली असते.