परदेशात नोकरी करताना प्राप्तिकराचे विवरणपत्र कसे भरावे

परदेशात नोकरी करणाऱ्याने विवरणपत्राला हात घालण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर नक्की करावे: त्या करवर्षात आपण कोणत्या देशाचे करदृष्ट्या रहिवासी होतो? नागरिकत्व, व्हिसा आणि करनिवास या तीन निरनिराळ्या बाबी आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की पुढचे सारे हिशेब चुकतात. बहुतेक देश रहिवाशांच्या जगभरातील उत्पन्नावर कर आकारतात आणि अनिवासींच्या केवळ त्या देशातील उत्पन्नावर. अमेरिका मात्र आपल्या नागरिकांवर, ते कोठेही राहत असले तरी, जगभरातील उत्पन्नासाठी कर आकारते.

म्हणून मुक्कामाच्या दिवसांची नोंद स्वतः ठेवावी. दिवस मोजण्याची रीतही सर्वत्र सारखी नसते. ब्रिटनमध्ये सर्वसाधारणपणे मध्यरात्री तुम्ही देशात होता की नाही हे पाहिले जाते, तर अमेरिकेत दिवसाचा काही भाग तेथे घालवला तरी तो पूर्ण दिवस धरला जातो.

183 दिवसांच्या नियमाविषयी मी विशेष आग्रहाने लिहितो, कारण अर्धवट माहितीमुळे येथे फार नुकसान होते. "सहा महिन्यांपेक्षा कमी राहिलो, म्हणजे कर नाही" अशी समजूत सर्रास आढळते. दुहेरी करआकारणी टाळण्याच्या बहुतेक करारांत कामाच्या देशात पगारावर कर न लागण्याच्या या सवलतीसाठी तीन अटी असतात: मुक्काम 183 दिवसांहून अधिक नसावा, पगार देणारा मालक त्या देशाचा रहिवासी नसावा, आणि त्या पगाराचा भार मालकाच्या तेथील कायम आस्थापनेवर, म्हणजे शाखा किंवा कार्यालयासारख्या व्यवसायाच्या कायमच्या ठिकाणावर, पडलेला नसावा. तिन्ही अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात, त्यामुळे स्थानिक कंपनीकडून पगार घेणाऱ्याला पहिल्या दिवसापासून कर लागू शकतो. दोन्ही देश तुम्हाला रहिवासी मानत असतील, तर करारात साधारणतः आधी कायमचे घर कोठे आहे, मग कौटुंबिक व आर्थिक संबंध कोठे अधिक घट्ट आहेत, अशा क्रमाने निर्णय होतो.

मालकाने पगारातून कर कापला म्हणजे जबाबदारी संपली, असे नाही. मायदेशातील बँकेचे व्याज, घरभाडे किंवा शेअर विक्रीचा नफा राहत्या देशाच्या विवरणपत्रात दाखवावा लागू शकतो. समान अहवाल मानकानुसार 2017 पासून अनेक देश बँक खात्यांची माहिती दरवर्षी एकमेकांना आपोआप पुरवत आहेत, तेव्हा अनवधानाने राहिलेली रक्कमही पुढे चौकशीचे कारण ठरू शकते.

एका देशात भरलेल्या कराची वजावट दुसऱ्या देशात मिळते, पण ती सहसा मागावी लागते, आणि त्याच उत्पन्नावर दुसऱ्या देशात जेवढा कर लागला असता त्यापेक्षा अधिक मिळत नाही. पुरावा म्हणून कर भरल्याची अधिकृत कागदपत्रे आणि करनिवासाचा दाखला लागतो. दाखल्यासाठी अर्ज लवकर करावा.

खरी कटकट करवर्षांच्या तफावतीची आहे. ब्रिटनचे वर्ष 6 एप्रिल ते 5 एप्रिल, ऑस्ट्रेलियाचे 1 जुलै ते 30 जून, तर जपान आणि जर्मनीचे जानेवारी ते डिसेंबर. वार्षिक पगारपत्रक दुसऱ्या देशाच्या वर्षाशी जुळत नाही, म्हणून दरमहाच्या पावत्या जपून ठेवाव्यात आणि विनिमय दर तेथील कर खात्याने मान्य केलेलाच वापरावा.

मुदतवाढ बहुधा विवरणपत्रासाठी असते, पैशांसाठी नव्हे. परदेशात राहणाऱ्या अमेरिकी करदात्यांना विवरणपत्रासाठी साधारणतः 15 जूनपर्यंत अवधी मिळतो, तरी थकीत करावरील व्याज 15 एप्रिलनंतर सुरू होते.

देश कायमचा सोडताना शेवटच्या, अपूर्ण वर्षाचे विवरणपत्र भरावे लागते का, हे निघण्यापूर्वी कर खात्याकडे विचारून घ्यावे. पूर्ण वर्ष धरून कापलेला कर अशा वेळी बऱ्याचदा परत मिळतो. तो जमा होईपर्यंत तेथील बँक खाते बंद करू नये आणि पत्रव्यवहाराचा नवा पत्ता कर खात्याला लेखी कळवावा.