सर्व्हे करताय? आधी पट घ्या

कॉलेजच्या पोरांचा सर्व्हे करायचाय ना? प्रश्न मराठीत, मोजके, फोनवर पाच मिनिटांत संपणारे. हे सगळ्यांना कळतं, पुढं चला.

पट घ्या. ऑफिसातून वर्गवार, शाखावार पटसंख्या उतरवून घ्या आणि कुणाकुणाला विचारणार त्यांची यादी करा. मागच्या वर्षी मी हेच केलं नाही. एसटीच्या वेळांवर फॉर्म केला, लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर सोडली, ती कुठं कुठं फिरली देव जाणे. 180 उत्तरं आली, मी खूश. सादरीकरणात सरांनी एवढंच विचारलं, "कितीतली?" मी गप्प.

समजा 1,200 पैकी 180 आली, म्हणजे 15 टक्के. त्यातले 108 नाराज, म्हणून तुम्ही ऐटीत 60 टक्के लिहिणार. न भरलेले 1,020 जण सगळे खूश निघाले तर नाराज उरतात 9 टक्के; सगळे वैतागलेले निघाले तर 94. आता सांगा, तुमचे 60 कशाचे? "उत्तरं वाढवू की" म्हणू नका. अमेरिकेत 1936 साली अध्यक्षाच्या निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाकडं वीस लाखांवर उत्तरं आली होती, तरी त्यांनी लँडन जिंकणार म्हणून छापलं. जिंकले रूझवेल्ट.

वेळ बघून ठरवा. शेवटच्या तासाला फॉर्म दिला की राधानगरी, गगनबावड्याची पोरं स्टँड गाठायला आधीच पळालेली असतात. मागं उरतात हॉस्टेलची आणि पेठेतली, म्हणजे एसटीबद्दल एसटीत न बसणाऱ्यांना विचारायचं! पावसाळ्यात तर नकोच. पंचगंगा पात्राबाहेर आली की गावाकडची पोरं दिसत नाहीत.

आठवण दोनदा करा, पण न भरलेल्यांनाच. ते कोण, हे कसं कळणार? यादीवरून. म्हणून सांगतोय, पट घ्या. नावाऐवजी प्रत्येकाला क्रमांक द्या, नाव-क्रमांकाची वही वेगळी ठेवा. वर्गशिक्षकांना समोर उभं करू नका, सगळं "उत्तम" येतं.

आधी दहाजणांवर करून बघा. दोनदा भरलेले फॉर्म काढा. अहवालात पहिल्याच ओळीत किती विचारले, किती आले, शाखावार. टक्केवारी नंतर.

आणि पटावर तारीख घाला. प्रवेश रद्द केलेलेही त्यात तसेच असतात.