प्रश्न घरूनच घेऊन जा

पन्नास-साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात "समजले का?" असे विचारले की सर्व जण एका सुरात "हो" म्हणतात आणि तास पुढे सरकतो. अशा वर्गात खऱ्या अर्थाने सहभागी व्हायचे असेल, तर प्रश्न तासाला सुचेल याची वाट पाहू नये. तो आदल्या संध्याकाळी तयार करावा. उद्याचा पाठ एकदा वाचून न कळलेल्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढावी आणि त्यावरून एकच प्रश्न वहीच्या मागच्या पानावर पूर्ण वाक्यात लिहावा. लिहिलेला प्रश्न वाचून दाखवायला धीर कमी लागतो. कित्येकदा शिकवण्याच्या ओघातच त्याचे उत्तर मिळून जाते आणि विचारण्याची वेळ येत नाही. तरीही त्या उत्तराच्या शोधात तासभर लक्ष टिकते, हा लाभ मोठा आहे.

प्रश्न निवडताना मात्र चोखंदळ असावे. "भूकंप म्हणजे काय?" याचे उत्तर पुस्तकात छापलेलेच असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील गावेच्या गावे उद्ध्वस्त केली. दख्खनचे पठार तुलनेने स्थिर मानले जात असताना येथे भूकंप का झाला, आणि दगड-मातीच्या जाड भिंतींच्या, माळवदाच्या घरांत एवढी जीवितहानी का झाली, हे प्रश्न विचारण्यासारखे आहेत. पाठ सुरू होण्यापूर्वी आजी-आजोबांना त्या पहाटेविषयी विचारावे, कोणती घरे पडली आणि नंतरची कशी बांधली हे टिपून घ्यावे आणि ती टिपणे वर्गात मांडावीत. वेरूळचे कैलास लेणे कळसापासून खाली कोरत आणले, तर आधी पायथा का कोरला नाही? पैठणच्या जायकवाडी धरणात पाणी नेमके कोठून येते? भूगोल आणि इतिहासाच्या तासाला असे प्रश्न घेऊन जाणारा विद्यार्थी शिक्षकांनाही हवासा वाटतो. निदान वाटायला हवा.

अनेक जण भाषेच्या संकोचाने गप्प राहतात. घरी मराठवाडी बोली, गोरमाटी किंवा दखनी बोलणाऱ्यांना वर्गात प्रमाण मराठीत बोलताना चूक होईल आणि हसू होईल, असे वाटते. अशा वेळी मुद्दा आधी आपल्या बोलीत सांगून टाकावा. प्रमाण भाषेत नीट लिहिण्याचा सराव वहीत स्वतंत्रपणे करता येतो. सर्वांसमोर बोलणे फारच जड जात असेल, तर तास संपल्यावर शिक्षकांना एकटे भेटून विचारण्यापासून सुरुवात करावी.

बोलण्याच्या सरावासाठी परिपाठासारखी सोपी जागा नाही. त्यातही सुविचारापेक्षा दिनविशेष मागून घ्यावा, कारण फळ्यावरचा सुविचार वाचून भागते, दिनविशेषासाठी थोडे शोधावे लागते. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी केवळ १९४८ हे साल न सांगता आपल्या तालुक्यात त्या वेळी काय घडले, हे गावातील जाणत्यांना विचारून दोन मिनिटांत सांगावे.

ज्यांचे आईवडील ऊसतोडीला जातात, त्यांचा अभ्यासाशी संबंध ऐन वर्षाच्या मध्यावर तुटण्याची भीती असते. हंगामी वसतिगृहाची सोय असल्यास गावीच राहण्याविषयी मुख्याध्यापकांशी आणि घरी दसऱ्यापूर्वीच बोलावे. जावेच लागले, तर पाठ्यपुस्तके सोबत न्यावीत, वर्गातील एका मित्राशी किंवा मैत्रिणीशी फोनवरून आठवड्याचे पाठ विचारून घेण्याचे ठरवावे आणि न समजलेल्या भागांची यादी करत राहावे. परतल्यावर ती यादी घेऊन पहिल्याच आठवड्यात प्रत्येक विषयाच्या शिक्षकांना भेटावे आणि कोणता भाग आधी भरून काढायचा, हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावे.