विंडोज न काढता लिनक्स चालवून पाह्यलं, माझा अनुभव

आमचा लॅपटॉप ४ जीबी रॅमचा, विंडोज १० वाला, चालू व्हायलाच चहा होऊन जाये, त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्टही संपला. पण पोरीच्या कॉलेजचं सगळं त्यातच, म्हणून विंडोज काढायचं नव्हतं.

मंग लिनक्स (विंडोजसारखीच, पण फुकटात मिळणारी सिस्टीम) पेनड्राइव्हवरून चालवून पाहायचं ठरवलं. लिनक्स मिंट या प्रकाराची एक्सएफसीई वाली (कमी रॅमवर चालणारी हलकी) फाइल रात्रभर डाउनलोडला लावली, आमच्या गावात रेंज रात्रीच बरी राहते, अन् रुफस नावाच्या सॉफ्टवेअरनं ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर टाकली. पेनड्राइव्हमधलं सगळं पुसल्या जाते, आधी काढून घ्याच.

लॅपटॉप चालू करताना एफ१२ दाबलं (कंपनीनुसार बटण वेगळं असते), पेनड्राइव्ह निवडला. डेस्कटॉपवर इन्स्टॉलचं आयकॉन दिसते, त्याच्यावर क्लिक नाही करायचं, बाकी सगळं पेनड्राइव्ह अन् रॅमवरच चालते. वायफाय काही दिसेना, तर फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलनं लॅपटॉपला देणं) चालू केलं, लगेच नेट आलं. पोरगी बाजूलाच बसून होती, तिनं सातबारा उघडून पाह्यला, मराठी अक्षरं बरोबर दिसली, लय बरं वाटलं.

परत विंडोजमध्ये आलो तर घड्याळ साडेपाच तास मागं! घाबरलोच मी. झालं असं की लिनक्स हे लॅपटॉपच्या आतल्या घड्याळात यूटीसी टाइम (जगाचा प्रमाण टाइम, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं) ठेवते अन् विंडोज त्यालाच भारतातला टाइम समजते. टाइम सेटिंगमध्ये 'सिंक नाउ' दाबलं, झालं नीट. फायली होत्या तशाच आहेत.

आता महिनाभर पेनड्राइव्हवरच वापरून पाहतो, पोरीचं प्रिंटर चाललं तर पुढचं पाहू.